रविवारचा धूर

ईशान, मीरा,

तुमची आई गेल्या महिन्यात ठाण्याला आली होती, तेव्हा तिने माझं कपाट आवरायला काढलं. तिसऱ्या कप्प्यात, रिपोर्टांच्या फायलींमागे, तिला एक तपकिरी काचेची बाटली सापडली. "आई, ही कसली बाटली? झाकण गळतंय, सगळ्या फायलींना वास लागलाय," असं म्हणत ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचलीसुद्धा. मी इतक्या मोठ्याने "ठेव ती!" म्हणाले की ती दचकली. तिने कारण विचारलं. मला ते दोन वाक्यांत सांगता येईना.

कधी तरी हे कपाट तुम्हालाच आवरायला लागणार आहे. म्हणून बाटलीचं प्रकरण क्रमाने लिहून ठेवते.

आजी इंजिनियर होती एवढं तुम्हाला माहीत आहे. नक्की काय करायची, ते बहुधा नाही. नोकरीची सगळी वर्षं मी ठाण्यातल्या एका कारखान्याच्या इंजिन टेस्टिंग विभागात होते. रिटायर झाल्यावर जुन्या गाड्यांची तपासणी करू लागले. गाडी विकणारा किंवा घेणारा बोलावतो, मी इंजिन तपासते आणि सही करून रिपोर्ट देते. दुरुस्ती करत नाही. त्यामुळे माझ्या निदानात माझा फायदा नसतो, आणि लोक विश्वास ठेवतात.

चार वर्षांपूर्वी श्रीरंग नावाच्या गृहस्थांचा फोन आला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. वय पन्नाशीच्या पुढे. आवाज दमलेला.

"मॅडम, वडिलांची जुनी स्पोर्ट्स कार आहे. टू-सीटर. कोपरीला, आमच्या जुन्या घरी. ती धूर सोडते."

"कधी? चालू करताना की पळताना?"

"रविवारी."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"रविवारीच सोडते, मॅडम. बाकीच्या वारी काही नाही. मी वेडा नाही हो, सायन्स ग्रॅज्युएट आहे."

मी सांगितलं, बुधवारी येते.

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेची जुनी वस्ती. श्रीरंग यांचं घर बैठं, मागे पत्र्याचं गॅरेज. आत दिवसाही अंधार. दार उघडलं तेव्हा कापडी आच्छादनाखाली काही तरी बसलेलं आहे असं वाटलं. उभं नव्हे, बसलेलं. गाडी फार बुटकी होती, एवढंच. साठ वर्षांची ब्रिटिश गाडी, गडद हिरवी, उघड्या टपाची. चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. श्रीरंग यांच्या वडिलांनी ती उमेदीच्या काळात घेतली आणि शेवटपर्यंत एकट्याने सांभाळली. शनिवारी देखभाल, रविवारी सकाळी खाडीपुलापर्यंत एक फेरी. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. बॅटरी मरू नये म्हणून श्रीरंग आता दर रविवारी डोंबिवलीहून येऊन इंजिन चालू करत.

"धूर कधीपासून?"

"बाबांचं वर्षश्राद्ध झालं. त्याच्या पुढच्या रविवारपासून." ते माझ्या हातातल्या कागदांकडे बघत म्हणाले, "हे रिपोर्टात नका लिहू."

धुराबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनाचा धूर म्हणजे डॉक्टरांना दाखवायची जीभ. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा येऊन लगेच विरला तर साधी वाफ. पांढरा, गोडसर वासाचा आणि रेंगाळणारा असेल तर इंजिन गार ठेवणारं पाणी आत शिरतंय. निळसर आला तर तेल जळतंय. तेल आत येण्याचे नेहमीचे रस्ते दोन. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की खालून येतं, व्हॉल्व्हचे गाइड झिजले की वरून.

श्रीरंग म्हणाले, धूर निळसर असतो. मी त्या दिवशी सगळं तपासलं. कंप्रेशन टेस्ट घेतली. प्लग काढून तिथे गेज लावायचं आणि प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते बघायचं, अशी ती टेस्ट असते. रिंगा गेल्या असतील तर आकडा पडतो. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. प्लग कोरडे, बिस्किटासारखे तपकिरी. पाणी पूर्ण. कार्ब्युरेटर बघितले, त्यांच्यातल्या तेलाची पातळी बघितली, बरोबर होती. चेकलिस्टवर टिक केली. मग इंजिन चालू केलं. पिकअप जरा मंद होता. वयाचा परिणाम, असं मी लिहिलं. धूर मात्र नावाला नाही.

मग वडिलांची डायरी बघितली. इंजिनात तेल किती आहे ते एका पट्टीवर बघतात. वडील दर आठवड्याला त्याची नोंद करत, आणि तीच वही श्रीरंग यांनी पुढे चालवली होती. वर्षश्राद्धापासून पाच महिने दर रविवारी निळा धूर, आणि या पाच महिन्यांत पट्टीवरची खूण केसभरही खाली गेलेली नव्हती.

मी वही दोनदा वाचली. तेल जळत होतं. इंजिनाचं तेल कमी होत नव्हतं. मग जळत होतं ते कोणाचं तेल?

रविवारी पुन्हा गेले. त्या दिवशी कल्याणहून बाळाराम मेकॅनिकही आला होता. तो माझ्या ओळखीचा, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

"मॅडम, रिंगा गेल्यात. लिहून घ्या. इंजिन खोलायला लागेल."

"मग बुधवारी त्या परत कशा आल्या रे?"

"जुनी गाडी ए. मूड असतो तिचा."

"आणि तेल का कमी होत नाही?"

बाळारामने बॉनेटवर फडकं फिरवलं. "ते मला पण कळत नाय. खरं सांगू? या गाडीचं इंजिन खोलायच्या आधी मी नारळ फोडणार."

श्रीरंग यांनी चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा लागलं. आणि धूर आला.

चालू इंजिनाचा धूर एक्झॉस्टच्या नळीतून झटक्याने मागे जातो. हा तसा गेला नाही. त्या दिवशी वारा नव्हता, गॅरेज तिन्ही बाजूंनी बंद. निळसर पांढरा, जड धूर नळीतून बाहेर पडला, जमिनीला धरून चाकांशी फिरला आणि मग वर चढत चढत पुढे आला. रिकाम्या ड्रायव्हर सीटभोवती तो थोडा वेळ राहिला. श्रीरंग बाहेर उभे राहून हात आत घालून चावी फिरवत, त्यामुळे ती सीट रिकामीच असे.

आणि वास आला. जळलेल्या इंजिन ऑइलचा वास मी नोकरीभर घेतला आहे, झोपेतही ओळखेन. हा तो नव्हता. तिळाचं तेल, कापूर आणि कसल्या तरी मुळ्या. घरातला वास. आजाऱ्याच्या खोलीतला. गॅरेजमध्ये त्याचं काही काम नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून श्रीरंग यांच्या आई आल्या. कुमुदताई. ब्याऐंशी वर्षांच्या, पाठ ताठ, डोळ्यांवर जाड चष्मा. हातात ट्रे आणि चार कप. आम्ही तिघं होतो, त्या चहा घेत नसत. तीन कप त्यांनी आम्हाला दिले. चौथा फळीवर, गाडीच्या उजव्या बाजूला ठेवला. बशी झाकण म्हणून वर ठेवली आणि सीटकडे बघून हळू म्हणाल्या, "आलात? आज उशीर केलात."

जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'हे' म्हणतात. कुमुदताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे आले की मला वासावरूनच कळतं. गुडघ्यांना शनिवारी रात्री नारायण तेल लावून झोपायचे ना. रविवारी गाडीत बसले की सगळी गाडी घमघमायची."

नारायण तेल. सांधेदुखीवर चोळतात ते. तोच वास होता.

श्रीरंग यांनी इंजिन बंद केलं. "आई, वास-बिस काही नाहीये. चल आत." ते आईला आत सोडून परत आले आणि मला बाजूला घेतलं.

"बघितलंत ना? दर रविवारी हेच. बाबा येतात म्हणते. डोंबिवलीला आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणते, हे रविवारी इथे येतात, मी कशी येऊ? मॅडम, ती इथे एकटी राहते. गॅस पेटवते. हिच्या डोक्यात असं काही सुरू झालं तर मी कसा ठेवू इथे? पुढच्या सोमवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतलीय. टेम्पोही त्याच दिवशी येईल, गाडी बाळारामकडे जाईल. मग घराला कुलूप. तिला घेऊन जाणार. तिने रडून गोंधळ घातला तरी."

"श्रीरंग, तुम्हाला आत्ता वास आला नाही?"

"कसला?"

मी बाळारामकडे पाहिलं. तो मान खाली घालून तंबाखू मळत होता. "मला तर कायम या तंबाखूचाच वास," तो म्हणाला. पण तो मळताना वर बघत नव्हता.

"मला आला," मी म्हटलं.

श्रीरंग यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर त्यांनी थोड्या वेळापूर्वी आईकडे टाकली होती.

घरी आले तेव्हा मन स्वस्थ नव्हतं. मी देवाला हात जोडते, भुताखेतांना मानत नाही. पण वास खरा होता. आणि आठ दिवसांनी एका बाईला तिच्या घरातून उचलून नेणार होते, कारण तिलाही तोच वास येत होता.

मी वही घेतली आणि जे पक्कं माहीत होतं ते लिहिलं. व्हॉल्व्ह गाइड झिजले असते तर गाडी जितके दिवस उभी, तितकं तेल जास्त झिरपलं असतं. बुधवारी ती तीन दिवस उभी होती, धूर शून्य. रिंगा झिजल्या असत्या तर रोज धूर. शेवटी एक वाक्य लिहिलं आणि खाली रेघ मारली : इंजिनाला वार कळत नाही.

वार कळतो तो माणसांना.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाळारामला कोपरीला पाठवलं. त्याने श्रीरंगच्या परवानगीने इंजिन चालू केलं. फोन आला, "मॅडम, क्लीन. अगरबत्तीएवढा पण धूर नाय." म्हणजे जे काही होत होतं, ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ यांच्यामध्ये. शनिवारी मी कोणाला न सांगता निघाले.

साडेचारची वेळ. घराचं पुढचं दार आतून बंद होतं, बेल वाजवली तरी कोणी आलं नाही. बाजूच्या बोळातून मागे गेले. गॅरेजचं दार लोटलेलं. स्टेशनवरची घोषणा चालू होती, ती संपली आणि आतून आवाज आला.

"टॉर्च नीट धर, कुमुद."

आवाज जाडा होता, घोगरा. पुरुषाने काम करताना वैतागून बोलावं तसा.

मग बाईचा आवाज. "धरलाय की."

"जरा खाली. डोळ्यांत नको मारू. हं. आता हलू नको."

"नाही हलत हो."

पत्र्याला एक फट होती. तिच्यातून पिवळा उजेड हलताना दिसत होता. दोघांचं बोलणं होतं ते. अनेक वर्षांचं, घासून गुळगुळीत झालेलं. मी मनात मोजून दहा आकडे म्हटले आणि दार लोटलं.

आत एकट्या कुमुदताई होत्या. बॉनेट उघडं. टॉर्च बॅटरीवर टेकवलेला. एका हातात चहाचा चमचा, दुसऱ्या हातात तपकिरी बाटली.

त्या दचकल्या नाहीत. मी दचकले.

"या," तो घोगरा आवाज सोडून त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. "टॉर्च धरता का जरा? एकटीला फार त्रास होतो."

मी टॉर्च धरला. त्यांनी पुढच्या कार्ब्युरेटरवरची पितळी टोपी फिरवून काढली, तिच्यासकट आतली काडी बाहेर आली. चमचा भरून तेल आत ओतलं. टोपी लावली. मागच्या कार्ब्युरेटरलाही तसंच. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या सफाईने, एक थेंब न सांडता.

इथे थांबून तुम्हाला ते यंत्र सांगते. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करतो. या जुन्या प्रकारात वर एक घंटेसारखी डबी असते, तिला डॅशपॉट म्हणतात. आत एक छोटा पिस्टन वर-खाली होतो. त्याने एकदम उडी मारू नये म्हणून मध्ये पातळ तेल ठेवतात. ऑफिसच्या दारांना वर एक यंत्र असतं बघा, दार धाडकन आपटू देत नाही. तसंच हे. काम चार थेंबांचं. त्यातही आधी काडी बुडवून पातळी बघायची, कमी असेल तरच घालायचं. जास्त घातलं तर वरचं तेल ओसंडतं, हवेबरोबर थेट इंजिनात जातं आणि जळतं. पाच-दहा मिनिटांत जास्तीचं संपलं की धूर बंद. राहतं ते बरोबर पातळीवर राहतं. म्हणून बुधवारी मला पातळी ठीक दिसली आणि मी टिक केली. काडी नाकाजवळ नेली असती तर तिथेच उलगडलं असतं. पिकअप मंद होता तोही वयामुळे नव्हे, घट्ट तेलामुळे.

मी काडी आता नाकाजवळ नेली. नारायण तेल.

"कुमुदताई, हे कुठलं तेल?"

"यांचं. ही बाटली यांचीच, याच फळीवर असायची. दर शनिवारी हे घालायचे, मी टॉर्च धरायचे. लग्न झाल्यापासून."

"आणि बाटली संपली तेव्हा?"

"तळाला थोडंच होतं, पहिल्याच आठवड्यात संपलं. घरात यांच्या गुडघ्यांची दुसरी होती. लेबल हेच. त्यातलं यात ओतलं."

प्रकार असा होता. काकांनी, म्हणजे श्रीरंग यांच्या वडिलांनी, नारायण तेलाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात शिलाई मशीनचं पातळ तेल भरून ठेवलं होतं. आपल्या घरांमध्ये कुठली चांगली बाटली टाकतात? आणि लेबल कोण काढतं? माझ्याकडेही कॉफीच्या बरणीत हळद आहे.

"पण ते आधी काडी बघायचे ना? किती घालायचं ते?"

कुमुदताई विचारात पडल्या. "बघत असतील. मी टॉर्च धरायचे हो. हे वाकले की यांच्या पाठीपलीकडचं मला कधी दिसलं नाही. चमचा दिसायचा."

"हे श्रीरंगना का नाही सांगितलंत?"

"तो गाडीला हात लावू नको म्हणाला होता. वर्षश्राद्धापर्यंत नाहीच लावला. मग म्हटलं, यांची कामं आता कोणी तरी करायला हवीत. आणि मला विचारलं कोणी? सगळे विचारतात, आई, बरं वाटतंय ना? आज वार कुठला? पंतप्रधान कोण?" त्या हसल्या. "शनिवारी दुपारी तू काय करतेस, हे नाही कोणी विचारलं."

यापुढचं बोलणं मला टाळायचं होतं. पण आपण निदान करतो ते सांगण्यासाठी. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावलं. तेल कसं ओसंडतं, कुठून जातं, रविवारी का दिसतं, वास कसला. त्या नीट ऐकत होत्या. मध्ये एक प्रश्नही विचारला, जास्तीचं तेल दोन्हीकडून जातं का. डोकं गेलेल्या माणसाचा तो प्रश्न नव्हता.

मी थांबल्यावर त्यांनी फळीकडे पाहिलं. तिथे मागच्या रविवारच्या कपाचा गोल डाग होता.

"म्हणजे हे येत नव्हते."

मी टॉर्च बंद केला.

मग त्या म्हणाल्या, "मीच आणत होते."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी बाळारामला लवकर बोलावलं. माझ्यासमोर त्याने दोन्ही डॅशपॉट पेट्रोलने धुतले आणि पातळ तेल काडीच्या खुणेपर्यंत भरलं. श्रीरंग आल्यावर मी सांगितलं, चावी फिरवा. इंजिन लागलं. आम्ही सगळे नळीकडे बघत होतो. पारदर्शक थरथर, बाकी काही नाही. पिकअपही सुधारला होता.

"म्हणजे माझा नारळ वाचला," बाळाराम म्हणाला. "आणि कामही गेलं."

श्रीरंगना मी गॅरेजच्या पायरीवर बसवून पूर्ण सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग तो वास... खरंच येत होता?"

"येत होता. मला आला. बाळारामलाही आला, विचारा त्याला."

बाळारामने मान हलवली. "आला, साहेब. मी म्हटलं, कशाला बोला."

"मला नाही आला," श्रीरंग म्हणाले. मग हळूच, "मला काहीच येत नाही. प्लँटमध्ये इतकी वर्षं क्लोरीन, अॅसिड. घरात आमटी करपली तरी बायको सांगते तेव्हा कळतं." ते हातातल्या चावीकडे बघत होते. "पाच महिने मी आईला सांगतोय की वास नाहीये."

"श्रीरंग, नाक तुमचं गेलंय. डोकं त्यांचं शाबूत आहे."

हे मी जरा कठोरपणे बोलले. पण त्यांनी तिथेच बसून टेम्पोवाल्याला फोन केला, आणि मग क्लिनिकला.

कुमुदताई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये तीन कप होते. फळीकडे त्यांनी पाहिलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकत दारातच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, एक विचारू? वर्षातून एकदा घातलं तर चालेल का? यांच्या तिथीला. एकच चमचा."

मी रिपोर्ट लिहिला त्यात शेवटची टीप अशी आहे : 'वर्षातून एक वेळ, एक चहाचा चमचा, पुढचा कार्ब्युरेटर. त्यानंतर साफ करून पातळ तेल भरावे. इंजिनास अपाय नाही.' माझ्या सगळ्या रिपोर्टांमध्ये अशी टीप दुसरी नाही. खाली माझी सही आहे.

धंद्यातला धडा एवढाच : बिघाड वार बघून येत असेल तर इंजिन खोलू नका. त्या वारी घरात कोण काय करतं ते विचारा. आणि ज्याच्यावर शंका आहे त्यालाच आधी विचारा, वेळ वाचतो.

कुमुदताई पुढे तीन वर्षं कोपरीच्या घरातच राहिल्या. गेल्या हिवाळ्यात झोपेत गेल्या. तेराव्यानंतर श्रीरंग ती बाटली घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, ही तुमच्याकडे ठेवा. मला या तेलातला आणि मशीनच्या तेलातला फरक ओळखता येत नाही. आणि तिथीला याल का? धूर मला दिसेल. वास आला की नाही, ते कोणी तरी सांगायला हवं."

म्हणून यंदा काकांच्या तिथीला मी बाटली पिशवीत घालून कोपरीला गेले. मी चमचा शोधत होते, तेवढ्यात श्रीरंगनी सवयीने चावी फिरवली. तेल अजून घातलेलं नव्हतं. धूर आला नाही. वास आला.

मी जाऊन पिशवीत हात घातला. बाटलीचं झाकण चिकट होतं. ते गळतं, हे तुमच्या आईनेही बघितलं आहे. तेव्हा वास पिशवीतून आला, हे उघड आहे, आणि मी वहीत तसंच लिहिलं आहे. वास आला तेव्हा पिशवी दाराबाहेर पायरीवर होती, हेही लिहिलं आहे.

"आला का?" श्रीरंगनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

गाडी अजून कोपरीत आहे आणि चालते. बाटली माझ्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात आहे, आता प्लास्टिकच्या डब्यात. तेल पाऊण बाटली शिल्लक आहे.